तेल वरून येत होतं

मारुती आठशे बनवणं कंपनीने बंद केलं, ही बातमी २०१४ सालच्या फेब्रुवारीत पेपरात वाचली. १९८३च्या डिसेंबरात रस्त्यावर आलेली ती गाडी. मी पेपर वाचत होतो आणि माझी आठशे समोर अंगणात उभी होती. तिच्याखाली मी पुठ्ठा टाकून ठेवला होता. पुठ्ठ्यावर काळ्या तेलाचा ताटलीएवढा डाग.

गाडी १९९८ची. २००५मध्ये मी ती जुनीच घेतली, दोन वर्षांच्या धानाच्या पैशातून. खताची पोती, लग्नकार्य, वडशाचा बाजार, सगळं तिच्यावर. दिवाळी झाली की झाडीपट्टीची नाटकं सुरू होतात. शाल पांघरून रात्रभर नाटक पाहायचं आणि पहाटे धुक्यात हळूहळू घरी यायचं, तेही हिच्यातच.

त्या वर्षी लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. डॉक्टरांनी फाल्गुनातली तारीख सांगितली. दवाखाना ब्रह्मपुरीचा, म्हणजे वैनगंगेच्या पलीकडे. रात्री निघायची पाळी आली तर खेड्यातून कोणतं वाहन मिळणार? आणि घरची गाडी अशी, की शंभर-दीडशे किलोमीटर चालली की ऑइलच्या पट्टीवर तेल खालच्या खुणेला जाऊन बसायचं. एकदा तर किटलीच्या चित्राचा लाल दिवा वळणावर लागला आणि विझला. तो दिवा लागूनही गाडी हाकली तर इंजिन जाम होतं, एवढं मला माहीत होतं.

बायको म्हणाली, "पोरीले या गाडीत मी बसू देत नाई. पुलावर बंद पडली तं का कराचं?"

मी गाडी एका गॅरेजात नेली. नाटकांचा हंगाम होता. होळीपर्यंत वडशात नाटक मंडळ्यांच्या गाड्यांची वर्दळ असते, गॅरेजवाल्यांना मान वर करायला फुरसत नसते. त्याने खाली वाकून पाहिलं. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडावरून तेल टपकत होतं. "मागचं ऑइल सील गेलं," म्हणाला. ते बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो. दोन दिवस गेले, साडेचार हजार गेले. त्या वर्षी साध्या धानाचा हमीभाव क्विंटलला १३१० रुपये होता. म्हणजे जवळपास साडेतीन क्विंटल धान.

चौथ्या दिवशी पुठ्ठ्यावर पुन्हा तेवढाच डाग.

पुन्हा गेलो तर तो म्हणाला, "इंजिनच उतरलं काका, आता भंगारात द्या." पोरगाही तेच म्हणायला लागला. मी दोघांवरही चिडलो, पण उत्तर माझ्याकडे नव्हतं.

मग मला आमचे जुने मिस्त्री आठवले. हयात सारी ऑइल इंजिनं दुरुस्त करण्यात गेलेली. माझ्याच वयाचे, घरची शेती धानाचीच. त्यांनी गाडीखाली पाहिलंच नाही. बॉनेट उघडलं आणि मला विचारलं, "बांधीतलं पानी खालच्या धुऱ्यातून झिरपते, तवा तू का करतेस?"

मी म्हटलं, "वरच्या अंगानं खेकड्याचं बीळ शोधतो. खालून चिखल थापून का फायदा?"

"मंग गाडीले काऊन खालून थापलं?"

मी गप्प झालो. जन्मभर बांधीत जे करत आलो, ते गाडीच्या बाबतीत मला सुचलंच नव्हतं.

आधी त्यांनी तेल बोटावर घेऊन वास घेतला. गिअरचं तेल घट्ट असतं, त्याला उग्र वास असतो. हे इंजिनचंच होतं. मग कॉइल आणि वायरी प्लास्टिकने झाकून थंड इंजिन डिझेल आणि ब्रशने धुतलं, कपड्याने लख्ख पुसलं. कोरडं झाल्यावर वरून अंगाला लावायची पावडर भुरभुरली. "आता गावाले एक चक्कर मारून ये."

परत आलो तर पांढऱ्या पावडरीवर काळा ओघळ उठून दिसत होता. तो निघत होता डिस्ट्रिब्यूटरच्या बुडातून. आमच्याकडचे मिस्त्री त्याला डेल्को म्हणतात. या गाडीत तो इंजिनच्या डोक्याशी, गिअरबॉक्सच्या बाजूला बसतो. तेल तिथून निघून बरोबर जोडावर उतरत होतं, आणि पाहणाऱ्याला वाटायचं की सील गेलं. टॅपेट कव्हरचं पॅकिंगही कडक होऊन एका कोपऱ्यातून ओलं होतं.

डेल्को काढण्याआधी त्यांनी त्याच्या जागेवर छिन्नीने खूण केली, कारण तो जरा फिरला तरी टायमिंग बिघडतं. आतली रबरी ओ-रिंग काढून माझ्या हातावर ठेवली. वाळलेल्या लाखेसारखी कडक, चिमटीत तुटली. नवी काही रुपयांत आली. टॅपेट कव्हरचं पॅकिंग बदलताना बजावलं, "नट लई पिळू नोको, कव्हर वाकते न मंग जास्तच गळते."

शेवटी ब्रीदर पाइप काढला. आत काळा चिकट गाळ. इंजिनच्या पोटातली हवा त्यातून बाहेर पडते. तो तुंबला की आत दाब वाढतो आणि तेल जिथे पॅकिंग कमजोर तिथून वाट काढतं. तो साफ केला नसता तर नवी रिंगही लवकरच गळायला लागली असती.

पुढच्या सीलपाशी थोडा ओलावा होता. मी म्हटलं, "हेही करून टाका."

"राहू दे. ओलावा वेगळा न गळती वेगळी. म्हाताऱ्या गाडीचं सारं कोरडं कराले गेलास तं घर इकाव लागंल."

रोज सकाळी पुठ्ठा पाहायचा आणि रविवारी सपाट जागी, इंजिन बंद करून थोडा वेळ थांबून पट्टी पाहायची, एवढं त्यांनी सांगितलं. आठ दिवसांत पुठ्ठ्यावर दोन-तीन थेंब. बायकोने ते स्वतः वाकून पाहिले, पण बोलली काही नाही.

होळीच्या आधी तीन दिवस, रात्री दीड वाजता तिनेच मला उठवलं. "गाडी काढा." वैनगंगेच्या पुलावर चिटपाखरू नव्हतं. माझी एक नजर रस्त्यावर, एक त्या लाल दिव्यावर. दिवा लागला नाही. उजाडता उजाडता नात झाली.

गाडी पुढे २०१८पर्यंत चालली. ती तुटकी रिंग मी खिळ्यांच्या डब्यात टाकून ठेवली आहे. पावसाळ्यात कुठल्या बांधीतलं पाणी उतरलं की पोरगा खालच्या धुऱ्यावर फावडं घेऊन उभा राहतो. मग मी त्याला म्हणतो, "बाबू, आधी वर जाऊन पाय."