हद्द झाली!

ओमानात मस्कत सोडून सूरच्या रस्त्याला लागलो आणि पाट्या सुरू झाल्या. पूल आला की पुलाच्या तोंडाशी पाटी: वादी दैका. पुढे पुन्हा पूल, वादी अरबईन. मग वादी शाब, वादी तिवी. कोकणातल्या माणसाला वादी म्हटला की समोर प्रतिवादी दिसतो आणि दोघांच्या मधोमध बांधावरचा फणस. मी खिडकीला नाक लावून बसलेली. एका रस्त्यावर एवढे वादी? आमच्या जिल्हा कोर्टाच्या आवारातही एका वेळी सापडायचे नाहीत!

गाडी चालवत होते ते दादा, ह्यांचे शाळासोबती. मूळचे रत्नागिरीच्या राजिवड्याचे, पण निम्मं आयुष्य मस्कतात गेलेलं. आरशातून माझ्याकडे बघत म्हणाले, "वैनी, वादी म्हणजे नदीची वाट. पाणी असो-नसो, वाट तिचीच."

खाली बघितलं तर खरंच नुसती वाट. पांढरे गोल गोटे, गोट्यांवर गोटे, मैलभर रुंद. थेंब नाही. एक बाभळीसारखं झाड आणि त्याच्या सावलीत दाटीवाटीने उभ्या शेळ्या. आम्ही घरून निघालो तेव्हा आषाढ धो धो कोसळत होता, काजळी नदी गढूळ होऊन भाट्याच्या खाडीत उतरत होती आणि दांडीवरचे कपडे चार दिवस ओलेच होते. रत्नागिरीत वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. मस्कतात पडतो 100 च्या आसपास. चार महिने खळाळणाऱ्या आमच्या कितीतरी पऱ्ह्यांना धड नाव नसतं, 'घरामागचा पऱ्ह्या' एवढ्यावर भागतं. आणि इथे ज्या नदीत चूळ भरण्यापुरतं पाणी नाही तिला नाव, नावाला पाटी, आणि जुन्या रस्त्यावर जिथे ती आडवी जाते तिथे पाण्याची खोली दाखवणारा लाल-पांढरा खांब!

खांब बघून मला हसू आलं, पण दादा हसले नाहीत. पाऊस पडतो तो दूर डोंगरात. इथे डोक्यावर निळं आभाळ असतं, आणि अचानक वळणावरून माती-दगडासकट पाण्याची भिंत येते. 2007 च्या जूनमध्ये गोनू वादळ आलं तेव्हा मस्कतातल्या कोरड्या वाद्यांनी रस्ते आणि गाड्या ओढून नेल्या होत्या. त्यांनी ते बघितलेलं. पुढच्या प्रत्येक खांबापाशी मी गप्प.

वादी शाबच्या तोंडाशी मात्र पाणी होतं आणि पलीकडे न्यायला होडी होती. पलीकडे खजूर, थोड्या केळी, आणि मग दोन्ही बाजूंनी कडे असे जवळ येतात की आकाशाची नुसती चिंधी उरते. गोट्यांवरून ठेचकाळत चाललोय. कड्याचा रंग भाजलेल्या भाकरीचा. ऊन असं की चपलेतून चटका. आणि वळण ओलांडल्यावर समोर डोह! हिरवा म्हणू की निळा? आमच्या समुद्राला हा रंग वर्षातून एखाद्या वेळी, माघात कधीतरी येतो. तळाचा खडा न् खडा दिसतोय, पायांना बोटभर मासे चावे घेतायत. डोहामागे डोह. मी माहेरच्या बावीत पोहायला शिकलेली, त्यामुळे पंजाबी ड्रेससकट उतरले. शेवटच्या डोहात खडकाला एक फट आहे, डोकं तेवढं जाईल एवढीच. हनुवटी पाण्यावर, टाळूवर दगड. आत शिरते तर काळोखी गुहा, वरून एका भोकातून उजेडाचा खांब, आणि त्या उजेडात कोसळणारा धबधबा. मी ओरडले ते शब्द छापण्यासारखे नाहीत, पण अस्सल मालवणी होते.

तिथून सूर. इथे पाटीवरचा शब्द बदलतो, वादीच्या जागी खोर. खोर म्हणजे समुद्राचं आत घुसलेलं पाणी, आपली खाडी. खोर अल बताहवर झुलता पूल आहे, काठाला पांढरी धुवट घरं, आणि ओहोटीमुळे चिखलात कुशीवर कललेली लाकडी गलबतं. गलबतांच्या कारखान्यात शिरल्याबरोबर ओळखीचा वास आला. सागवान! अरबस्तानात जहाजाजोगं लाकूड कुठलं असायला? ते मलबारातून यायचं. लाकूड इकडे, घोडे तिकडे. बहामनी आणि आदिलशाही काळात आमच्या दाभोळला अरबी घोडे उतरत होते, आणि त्याच्याही कितीतरी आधी, दहाव्या शतकात, अल्-मसूदी हा अरब प्रवासी चौलला येऊन गेला. त्याने चौलला सैमूर म्हटलंय. आज आम्ही व्हिसामागे धावतो. ते लोक वाऱ्याची वाट बघायचे, एवढाच फरक.

सूरच्या पुढे अरबस्तान संपतो. अगदी पूर्वेचं टोक, आणि पाटीवर नाव: रास अल हद्द. रास म्हणजे डोकं, जमिनीने समुद्रात काढलेलं. आणि हद्द? मी दादांना विचारलं. ते म्हणाले, "हद्द म्हणजे हद्दच की." ग्रामपंचायतीच्या वेशीवर असते तीच! अरबीतून फारसीत, फारसीतून आमच्या सातबारा-फेरफारात आलेली. इथे जमिनीने ती स्वतःच आखलीय.

शेजारच्याच रास अल जिन्झच्या किनाऱ्यावर रात्री कासवं येतात. मंडणगड तालुक्यातलं आमचं वेळास कासवांसाठी प्रसिद्ध आहे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन तिथली घरटी राखली आणि आता फाल्गुन-चैत्रात पिल्लं समुद्रात सोडताना बघायला मुंबई-पुण्याचे लोक लोटतात. पण वेळासला दिसतात ती बशीएवढीसुद्धा नसलेली पिल्लं. त्यांची आई रात्री कधी येऊन गेली ते सहसा कुणाला कळतही नाही. इथे ती आईच समोर आहे. मिट्ट काळोख, वाटाड्याच्या हातात मिणमिणता लाल दिवा, आणि वाळूच्या खड्ड्यात दळायच्या जात्यापेक्षा कितीतरी मोठं, मीटरभर लांबीचं हिरवं कासव. वेळासचं ऑलिव्ह रिडले चाळीस-पन्नास किलोचं, ही बाई सहज शे-दीडशे किलोची. वल्ह्यांनी ती वाळू फेकतेय आणि ती वाळू थेट आमच्या तोंडावर. ती मोठ्याने श्वास सोडते. दमलेल्या म्हशीसारखा. अंडी पडतायत, पांढरी, ओली, पिंगपाँगच्या चेंडूएवढी, एकावर एक, शंभरच्या आसपास. हे माझ्या कानात म्हणाले, "हद्द झाली!" म्हटलं, अहो, झालीच आहे, पाटी वाचली नाहीत?

त्या टोकावरून मग मला शब्दांचा नादच लागला. जंजिरा घ्या. मुरूडचा सिद्दीचा तो जंजिरा हे आपल्याला विशेषनाम वाटतं, पण जुन्या मराठी कागदांत समुद्रातल्या किल्ल्यांना सर्रास जंजिरे म्हटलेलं असतं, आणि मूळ अरबी जझीरा म्हणजे साधं बेट. त्याचंच अनेकवचन अल-जझाइर, त्यावरून अल्जिअर्स शहर आणि अल्जेरिया देश. मुरूडच्या होडीवाल्याला हे सांगितलं तर तो भाडं वाढवील! जबल म्हणजे डोंगर. तारिक नावाचा सरदार 711 साली समुद्र ओलांडून स्पेनच्या ज्या खडकाशी उतरला तो जबल तारिक, आजचा जिब्राल्टर. स्पेनमधली ग्वादलक्विवीर नदी म्हणजे वादी अल-कबीर, थोरली वादी. आणि सगळ्यांत मजा आली ती ट्रफाल्गरची. 1805 साली नेल्सन जिथे लढाई जिंकून मेला ते टोक म्हणजे अरबीत तरफ अल-गार. गुहेचं टोक की पश्चिमेचं, यावर जाणकारांत वादी-प्रतिवादी आहेत, पण तरफबद्दल वाद नाही. तरफ म्हणजे कड, बाजू. आता आमच्या संगमेश्वर तालुक्यात धामापूर तर्फ संगमेश्वर नावाचं गाव आहे. तिथे कुणी नेल्सन फिरकला नाही, पण तर्फ तोच. अख्खा पत्ताच बघा की: मुक्काम, मौजे, तर्फ, तालुका, जिल्हा. पाचही शब्द अरबीतून आलेले. मधे गावाचं नाव तेवढं आमचं.

डोंगरांकडे मी मोठ्या अपेक्षेने गेले, कारण एकाचं नाव जबल अख्दर, हिरवा डोंगर. आषाढातला सह्याद्री सोडून आलेल्या बाईला हिरव्याची काय नवलाई? पण हिरवा कुठे? चहूकडे तपकिरी, राखाडी, गंजलेला दगड. गवताची काडी नाही. दोन हजार मीटरवर गाडी चढली, वारा गार झाला, आणि मग दरीच्या अंगाला चिकटलेल्या पायऱ्या दिसल्या. पायरी-पायरीवर डाळिंबं. अंगणाएवढी शेतं, काही तर चटईएवढी. त्या चिमूटभर हिरव्यावरून अख्ख्या डोंगराचं नाव! सगळं हिरवं असतं तर कुणी तसं नाव ठेवलं असतं का? आम्ही नाही सह्याद्रीला हिरवा डोंगर म्हणत.

त्या पायऱ्यांना पाणी पाजतो फलज. डोंगराच्या पोटातून आणलेला पाट. गुहागर-मुरूडच्या पोफळीच्या बागांत पाटाचं पाणी खेळतं तसंच हे, पण पाट मैलोन्‌मैल लांब, आणि थेंबाचा हिशेब. कुणाची पाळी किती वेळ ते दिवसा काठीच्या सावलीवरून आणि रात्री ताऱ्यांवरून ठरवायची रीत. ओमानात असे हजारो फलज अजून वाहतात, त्यांतले पाच 2006 साली जागतिक वारशात गेले. मी पाटात हात घातला. पाणी थंडगार, वाहतं, नितळ. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याने लगेच मान वर करून बघितलं. पाळी कुणाची होती कोण जाणे, मी हात काढून घेतला.

जबल शम्सबद्दल दोनच वाक्यं लिहिते, जास्त लिहवत नाही. आपली कळसूबाई 1646 मीटर, हा 3000 च्या घरात, आणि त्याच्या कड्यावरून खाली वादी गूल बघायची म्हणजे कोकणकड्यावर पालथं पडून बघण्यासारखं, फक्त खोली जवळजवळ किलोमीटरभर आणि खाली हिरवं काही नाही. हे कठड्यापाशी गेले आणि मी डोळे मिटून घेतले.

सगळ्यात शेवटी सलालाह, दक्षिणेला. नकाशा बघताना मी उडालेच. रत्नागिरी आणि सलालाह, दोन्ही 17 अंश उत्तरेवर! भाट्याच्या पुळणीवरून नाकासमोर पश्चिमेला वल्हवत सुटलं तर मधे काही न लागता माणूस इथे येऊन थडकेल. आणि वाराही तोच, आपलाच नैर्ऋत्य मोसमी. इथले लोक ह्या दिवसांना खरीफ म्हणतात. आम्ही ज्याला खरीप म्हणून भात लावतो तोच शब्द. फक्त वारा इथे पोचतो तो रिकाम्या ओंजळीने: सलालाह शहरात वर्षभरात जेमतेम शंभर-सव्वाशे मिलिमीटर. आमच्याकडे एवढा कधीकधी एका दिवसात होतो.

पण त्या भुरभुरीवर काय रान माजलंय! डोंगर चढतो तो धुक्यात. आंबा घाटातलं धुकं, तोच ओला मातकट वास, दोन्ही अंगांना गुडघाभर गवत. आणि त्या गवतात उंट! रस्त्याच्या मधोमध, ओलेचिंब, आमच्या म्हशींच्या चालीने. ऐन रझातला डोंगराच्या पायातून झरा निघतो. ऐन म्हणजे डोळा आणि झराही. बाजारात जाल तिथे लोबानाचा धूर, गल्लीभर, कपड्यांत, केसांत. समुद्राच्या बाजूला रस्त्याकडेला ओळीने टपऱ्या: नारळ, केळी, पपई. शहाळं सोलणारा मुलगा कोयतीचे तीन घाव घालतो. हे म्हणाले, "आपण घरी केव्हा आलो?"

भुरभुर सुरू होती. आम्ही टपरीच्या छपराखाली पळालो, सवयीने. बाकी कुणी हललं नाही. रियाधहून, दुबईहून, मस्कतहून आलेली कुटुंबं गवतावर सतरंज्या अंथरून, चहाचे थर्मास मधे ठेवून मुद्दाम भिजत बसलेली. शेजारच्या सतरंजीवरचे एक ओमानी आजोबा थोडंफार हिंदी बोलणारे. आम्हाला छपराखाली बघून त्यांना कीव आली असावी. बोलावून बसवलं, खजूर पुढे केले आणि विचारलं, तुमच्याकडे असं होतं का कधी?

हे म्हणाले, होतं. याहून जोरात. चार महिने.

"चार महिने?" आजोबांनी बोटं वर केली. "रोज?"

रोज.

त्यांनी ते अरबीत सगळ्यांना सांगितलं. मग नातवंडांना हाका मारल्या, आणि ती सगळी ओळीने उभी राहून आमच्याकडे बघू लागली.