कपाटामागील भिंत

प्रत्येक घरास एक दर्शनी बाजू असते व एक मागील बाजू असते. दर्शनी बाजू आम्ही पाहुण्यांस दाखवितों. मागील बाजूची माहिती घरच्या माणसांसच असते. प्रस्तुत लेखांत आम्ही आपल्या घराची मागील बाजू वाचकांपुढें मांडणार आहों. ती मांडतांना आम्हांस संकोच वाटत नाहीं असें नाहीं. परंतु याच संकोचानें आमच्या घरीं एका लहान मुलीस तीन पावसाळे खोकावयास लाविलें, म्हणून तो आज बाजूस ठेवणें आम्हांस इष्ट वाटतें. ज्या शाळेच्या बांकांवर आम्ही लहानाचे मोठे झालों, तिच्याच वार्षिक अंकांत हें सांगावयाचें आहे. तेव्हां ऐकणारे आपलेच आहेत हा एक धीर आहे.

आमचें मूळ घर रत्नागिरीजवळच्या एका खेड्यांत होतें. जांभ्या दगडाच्या भिंती, वर मंगलोरी कौलें, पुढें ओटी, मागें पडवी. रत्नागिरीस वर्षाकाठीं तीन हजार मिलिमीटरांच्या वर पाऊस पडतो, आणि त्यांतील बहुतेक सारा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच कोसळतो. अशा मुलखांत बुरशी कोणास नवी? चामड्याच्या वहाणांवर हिरवट भुरी येई, पेटीच्या तळाचीं पुस्तकें कुबट वास धरीत, आणि लोणच्याच्या बरणीस कोणाचा ओला हात लागला तर त्याचा जाब द्यावा लागे. तथापि भिंती काळ्या पडल्याचें आम्हांस स्मरत नाहीं. कौलांच्या फटींतून हवा खेळे. दरवर्षीं चुन्याची सफेदी होई, आणि चुना क्षारधर्मी असल्यानें बुरशीस त्यावर सहजासहजीं पाय रोवतां येत नाहीं. चुलीची धग घर कोरडें राखी. अर्थात् त्याच चुलीच्या धुरानें आमच्या आजीची छाती उतारवयांत निकामी केली, हेंही येथेंच सांगितलें पाहिजे. जुनें तें सारें आरोग्यदायक होतें, असें आमचें म्हणणें नाहीं.

सन २०१७ मध्यें आम्ही गांव सोडून शहरांत एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर ब्लॉक घेऊन राहावयास आलों. सिमेंटच्या भिंती, सरकत्या काचांच्या खिडक्या, गुळगुळीत रंग. मातोश्रींनीं पहिल्याच दिवशीं भिंतीवरून हात फिरवून विचारलें, "अरे, या भिंतींनी श्वास कुठून घ्यायचा?" आम्ही हंसलों. पुढील वर्षींच्या जुलैंत निजावयाच्या खोलीच्या पश्चिमेकडील भिंतीवर, खिडकीच्या खालीं, तळहाताएवढा करडा डाग दिसला. आम्हीं तो फडक्यानें पुसला. पंधरा दिवसांनीं तो दोन तळहातांएवढा होऊन परत आला. दिवाळीस आम्हीं त्यावर रंग दिला. पुढच्या आषाढांत त्या रंगास फोड आले, पापुद्रे सुटले, आणि आंतून तोच डाग, आतां काळा होऊन, डोकावूं लागला.

त्या वर्षीं, म्हणजे २०१९ मध्यें, गणपतीस मुंबईचे पाहुणे यावयाचे होते. पावसांत रंग वाळत नाहीं. तेव्हां आम्हीं एक युक्ति केली. कपड्यांचें मोठें लाकडी कपाट दोघांनीं ढकलीत नेऊन त्या भिंतीस अगदीं चिकटवून उभें केलें. डाग दिसेनासा झाला. पाहुणे आले, घर किती नीटनेटकें ठेविलें आहे असें म्हणून गेले, आणि आम्हांस आपल्या युक्तीचा अभिमान वाटला. मातोश्री मात्र म्हणाल्या, "भिंत रडते आहे, तिच्यावर पदर टाकून काय होणार? ती कां रडते तें विचार." आम्हीं तें विचारलें नाहीं.

त्या कपाटापासून चार हातांवर आमच्या धाकट्या कन्येचें अंथरूण असे. ती तेव्हां पांच वर्षांची होती. जुलै लागला कीं तिला पहाटे शिंका सुरू होत. मग कोरडा खोकला. मग रात्रीं छातींतून बारीक शीळ घातल्यासारखा आवाज. दिवाळीच्या सुमारास सारें थांबे. त्याच खोलींत निजणाऱ्या तिच्या वडील भावास मात्र कांहीं होत नसे, म्हणून घराकडे आमचें लक्ष गेलें नाहीं. पावसाळा आहे, एखाद्या मुलास होतें, असें आम्ही म्हणत असूं. आल्याचा रस झाला, काढे झाले, औषधांच्या बाटल्या झाल्या.

२०२१ च्या मे महिन्यांत "काळी बुरशी" हा शब्द साऱ्या महाराष्ट्रांत भीतीचा झाला. करोनांतून उठलेल्या कांहीं रोग्यांस म्युकरमायकोसिस होत असे, त्याचें तें बोलीभाषेंतील नांव. सौभाग्यवतींनीं घाबरून विचारलें, "अहो, आपल्या कपाटामागची तीच तर नव्हे?" तो रोग निराळा होता. अनियंत्रित मधुमेह, स्टेरॉईडांचा अतिरिक्त वापर व त्यांमुळें खचलेली प्रतिकारशक्ति यांच्याशीं त्याचा संबंध होता. हें आम्हीं मोठ्या पांडित्यानें समजावून सांगितलें. आणि ती ही नव्हे, एवढ्या समाधानावर कपाट होतें तेथेंच राहिलें.

त्याच वर्षींच्या ऑगस्टांत सौभाग्यवतींच्या आई आजारी पडल्या, म्हणून मायलेकी सोलापुरास गेल्या. तिकडे पाऊस बेताचा व हवा कोरडी. चौथ्या दिवशीं दूरध्वनीवर कळलें कीं, मुलीचा खोकला थांबला आहे. पंधरा दिवस ती तेथें स्वस्थ निजली. परत आल्यावर पहिल्याच रात्रीं छातींतील ती शीळ पुन्हां ऐकूं आली. त्या रात्रीं आम्हांसही झोंप लागली नाहीं.

दुसऱ्या दिवशीं डॉक्टरांकडे गेलों. त्यांनीं छाती तपासली, सोलापुरची हकीकत ऐकली, आणि विचारलें, "घरांत कोठें ओल आहे काय?"

आम्हीं तत्काळ उत्तर दिलें, "नाहीं, नाहीं. घर अगदीं कोरडें आहे."

वाचकहो, हें असत्य आमच्या तोंडून कसें निघालें याचा आम्हीं पुष्कळ विचार केला आहे. ओल म्हणजे अस्वच्छता, ओल म्हणजे दारिद्र्य, अशी कांहींशी समजूत आमच्या मनांत दडून बसली होती. मुलीची छाती डॉक्टरांपुढें उघडी करावयास आम्हांस लाज वाटली नाहीं. भिंत उघडी करावयास वाटली. इतक्यांत कन्या आमच्या मांडीवरून म्हणाली, "बाबा, कपाटामागें आहे ना!"

डॉक्टरांनीं आम्हांस एका शब्दानेंही टोंचलें नाहीं. बालदम्याचें निदान करून त्यांनीं श्वासावाटे घ्यावयाचें औषध लिहून दिलें, आणि म्हणाले, "औषध मी देतों. भिंत तुम्ही पाहा."

त्या दिवशीं कपाट ओढलें. भिंत कमरेच्या उंचीपर्यंत काळी होती, आणि कपाटाची प्लायवूडची पाठ मखमलीसारख्या करड्या थरानें झांकली होती. तळच्या खणांत आमच्या कैलासवासी वडिलांच्या हस्ताक्षरांतील दोन वह्या होत्या. त्यांचीं पानें एकमेकांस चिकटून त्यांचा जणूं एक ठोकळा झाला होता. त्या आम्हांस पुन्हां वाचतां आल्या नाहींत.

बुरशी ही मूळची वाईट वस्तु नव्हे. पेनिसिलियम जातीच्या बुरशीपासूनच अलेक्झांडर फ्लेमिंग यांस १९२८ मध्यें पेनिसिलिनचा शोध लागला. तिचे सूक्ष्म बीजाणू हवेंत सर्वत्र तरंगत असतात. ते पूर्णपणें घालविणें कोणासही शक्य नाहीं. कागद, लाकूड, कापूस, रंग, साधी धूळसुद्धां, हें त्यांचें अन्न. आणि तेंही प्रत्येक घरांत असावयाचेंच. राहिलें पाणी. तेवढें एक मात्र आपल्या हातीं आहे. भिजलेली वस्तु एकदोन दिवसांत वाळली तर बुरशी सहसा धरत नाहीं; ओली राहिली तर धरते. मग तिचे बीजाणू व तंतूंचे कण श्वासावाटे आंत जातात. कोणास कांहीं होत नाहीं, कोणाचे डोळे चुरचुरतात, कोणास शिंका येतात, आणि ज्याची प्रकृति तशी असेल त्याचा दमा उसळतो. जागतिक आरोग्य संघटनेनें २००९ मध्यें घरांतील ओल व बुरशी यांवर स्वतंत्र मार्गदर्शिका प्रसिद्ध करून त्यांचा श्वसनविकारांशीं असलेला संबंध स्पष्टपणें सांगितला आहे.

तेव्हां आमचा प्रश्न डागाचा नव्हता, पाण्याचा होता. त्याचा माग आम्हीं एका साध्या प्रयोगानें लाविला. स्वच्छ प्लास्टिकचा वीतभर तुकडा चारही कडांनीं चिकटपट्टी लावून भिंतीवर बसविला. दोन दिवसांनीं भिंतीकडील अंगास थेंब दिसले, म्हणजे पाणी भिंतींतून येत होतें. खोलीकडील अंगासही दमटपणा होता, म्हणजे हवाही ओली होती. पहिल्याचें कारण गवंड्यानें सांगितलें. नैर्ऋत्येकडून येणारा पाऊस ज्या भिंतीवर आदळे, तिच्या बाहेरील गिलाव्यास खिडकीलगत चिरा गेल्या होत्या, आणि खिडकीवरच्या छज्जाचा उतार बाहेर असण्याऐवजीं आंत होता. दुसऱ्याचें कारण आमचें आम्हांसच सांपडलें. पावसाळाभर चार माणसांचे धुतलेले कपडे आम्ही त्याच खोलींत, खिडक्या लावून, दोरीवर वाळत घालीत होतों. कपड्यांतील पाणी जाणार कोठें?

प्रथम मुलीचें अंथरूण दुसऱ्या खोलींत नेलें. मग तिला शेजारीं पाठवून, तोंडास मुखपट्टी व हातांस रबरी मोजे चढवून, डाग आधीं साबणाच्या पाण्यानें ओला करून खरवडला. कोरडाच खरवडला असता तर बीजाणू घरभर उडाले असते. ब्लीचिंगचें पाणी ओतावें असें कित्येकांनीं सुचविलें. त्यानें डाग पांढरा होतो, पण भिंतींतील ओल जात नाहीं. आणि तें चुकून व्हिनेगरांत किंवा अमोनिया असलेल्या द्रवांत मिसळलें, तर विषारी वायु सुटतो. गादी व कपाटाची पाठ टाकून दिली, कारण अशा सच्छिद्र वस्तूंच्या आंत शिरलेली बुरशी धुऊन निघत नाहीं. पाऊस सरल्यावर बाहेरील चिरा बुजविल्या, छज्जाचा उतार फिरविला, भिंत कित्येक आठवडे उघडी वाळूं दिली, आणि मगच तीवर चुना दिला. कपाट आतां भिंतीपासून वीतभर दूर उभें आहे. कपडे सज्जांत वाळतात. अगदींच निरुपाय झाला तर पंख्याखालीं, खिडकी उघडी ठेवून. या साऱ्यास आलेला खर्च आमच्या आवांक्यापलीकडला नव्हता. तो तीन वर्षांपूर्वीं केला असता तर, हा विचार मात्र अजून आम्हांस टोंचतो.

याच शाळेच्या ग्रंथालयांत लहानपणीं वाचलेली एक गोष्ट त्या वेळीं आम्हांस आठवली. बायबलांतील लेवीय नामक पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायांत घराच्या भिंतीस पडणाऱ्या चट्ट्यांविषयीं नियम आहेत. घर रिकामें करावें, सात दिवस बंद ठेवावें, चट्टा पसरला असेल तर ते दगड काढावे, भिंती खरवडाव्या, नवा गिलावा करावा. इतकेंही करून तो परत आला तर घर पाडावें. परंतु या सर्व नियमांच्या आरंभीं एक लहानशी गोष्ट आहे. घराच्या मालकानें स्वतः जाऊन याजकास सांगावयाचें आहे कीं, माझ्या घरांत असें कांहीं दिसत आहे. पुढील सारें त्या सांगण्यावर अवलंबून. बाळपणीं तें वाक्य आमच्या डोळ्यांखालून तसेंच गेलें होतें.

कांहींचें दुर्दैव असें कीं, सांगूनही ऐकणारा मिळत नाहीं. इंग्लंडांत रॉचडेल येथें डिसेंबर २०२० मध्यें दोन वर्षांचें एक बालक मरण पावलें. भाड्याच्या घरांतील बुरशीविषयीं त्याच्या पित्यानें वारंवार तक्रार केली होती. बुरशीच्या दीर्घ सहवासानें जडलेल्या श्वसनविकारानें तो मृत्यु झाला, असा निर्णय नोव्हेंबर २०२२ मध्यें चौकशीअंतीं देण्यांत आला, आणि पुढील वर्षीं तेथें या बाबतींत कायदा झाला. तो मजकूर वाचतांना आमच्या मनांत आलें कीं, त्या बापानें सांगितलें आणि कोणीं ऐकलें नाहीं. आमचें ऐकावयास डॉक्टर समोर बसले होते, आणि आम्हीं सांगितलें नाहीं.

२०२२ च्या पावसाळ्यांत कन्येस दोनच वेळां, तेही सौम्य, झटके आले. भिंत सुधारली म्हणून दमा गेला, असें आम्ही म्हणणार नाहीं. डॉक्टरांचें औषध त्यांच्या सल्ल्यानें चालूच होतें. परंतु रात्रीची ती शीळ पुन्हां फारशी ऐकूं आली नाहीं. हवेंतील दमटपणा मोजण्याचें एक लहानसें यंत्र आम्हीं आणलें आहे. तो शेंकडा साठाच्या खालीं राहावा असें जाणते सांगतात. आमच्याकडे श्रावणांत तें साधत नाहीं, पण कन्या रोज सायंकाळीं यंत्र पाहून ओरडते, "बाबा, ऐंशी झाले, पंखा लावा!" आणि आम्ही निमूटपणें उठतों.

बालमित्रांनो, घरांतील जी गोष्ट मोठीं माणसें पाहुण्यांपासून झांकून ठेवितात, ती तुमच्या डोळ्यांपुढेंच असते. ती चवाठ्यावर सांगूं नका. पण जेथें सांगितली पाहिजे, तेथें अवश्य सांगा. आणि पालकहो, मूल तसें बोललें तर त्याच्याकडे डोळे वटारूं नका. आमच्या मुलीनें त्या दिवशीं आमची लाज काढली असें आम्हांस क्षणभर वाटलें होतें. आज वाटतें कीं, घर राखण्याचें काम त्या दिवशीं तिनें केलें. आम्ही केवळ त्याचे मालक होतों.