फोटो काय ऐकायचे असतात?

आमच्या फोटोग्राफीवरच्या पॉडकास्टचा पहिला भाग आईला ऐकवला, तेव्हा ती म्हणाली, "फोटो काय ऐकायचे असतात होय रे?" मित्र हसला, मी चिडलो. पण प्रश्न बरोबर होता.

दर पंधरा दिवसांनी आम्ही दोघं त्याच्या कोथरूडच्या खोलीत बसायचो. पंखा बंद, खिडकीवर गोधडी, मधे एकच माइक. एक फोटो निवडायचा आणि तो कोणी, कधी, कसा काढला हे सांगायचं. मग दोन रात्री मी एडिटिंग करायचो. प्रत्येक 'अं', प्रत्येक खोकला, प्रत्येक शांतता कापून टाकायचो. असे बारा भाग झाले. ऐकणाऱ्यांचा आकडा दिसायचा, पण माणसं दिसायची नाहीत. फोटो उघडून बघत ऐकतात की भांडी घासताना नुसतं कानावर पडू देतात, काही कळायचं नाही.

लाइव्ह जायची कल्पना मित्राची. "आपणच किती सांगायचं? त्यांना काय दिसतं ते विचारू की." यूट्यूबवर लाइव्ह, पडद्यावर फक्त एक फोटो, बाजूला चॅट आणि ज्याला बोलायचंय त्याच्यासाठी एक लिंक. मला एकच धास्ती होती. इथं काही कापता येणार नव्हतं.

फोटो मी निवडला. 1838 सालचा, पॅरिसचा. लुई दागेर यांनी उंचावरच्या खिडकीतून घेतलेला 'बुलेव्हार्ड द्यु ताँप्ल' या रस्त्याचा. माणूस दिसतो असा सगळ्यात जुना माहीत असलेला फोटो म्हणून तो सांगितला जातो. माझ्याकडे दोन पानांच्या नोट्स होत्या.

रविवारी रात्री आठला सुरू केलं. तेवीस जण होते. मी विचारलं, "काय दिसतंय या फोटोत?"

कोणीच काही बोललं नाही. मला घाम फुटला आणि मीच उत्तर द्यायला लागलो. मित्रानं कागदावर लिहून समोर धरलं: 'थांब.' मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमचा आवाज त्यांच्या फोनवर पोहोचायलाच दहाएक सेकंद लागत होते. त्यावर त्यांनी बघायचं, विचार करायचा, टाइप करायचं. जी शांतता मी बारा भाग कापत आलो होतो, त्याच शांततेत लोक फोटो बघत होते.

हळूहळू उत्तरं यायला लागली. झाडं. धुराडी. "लॉकडाऊनमधला लक्ष्मी रोड." मग मी सांगितलं की रस्ता रिकामा नव्हताच. घोडागाड्या होत्या, माणसं होती. पण त्या काळी प्लेटवर चित्र उमटायला काही मिनिटं लागायची. जे हलत होतं ते उमटलंच नाही. खाली डावीकडच्या कोपऱ्यात एक माणूस बूट पॉलिश करून घ्यायला एका जागी उभा राहिला, म्हणून तेवढा उरला. "फोटोत आलेला पहिला माणूस!" मी जोरात म्हणालो. हे वाक्य नोट्समध्ये अधोरेखित केलेलं होतं.

तेवढ्यात लिंकवरून एक मुलगी आली. बार्शीची होती.

"दादा, तुम्ही मघापासून पहिला माणूस म्हणताय. पण तिथं दोघं आहेत ना?"

मी फोटो मोठा केला. उभ्या माणसासमोर खाली एक पुसट आकृती होती. मी ती कितीतरी वेळा पाहिली होती.

ती म्हणाली, "उभा आहे त्याला नुसतं उभंच राहायचं होतं. बसलाय त्याचे हात चालू होते, म्हणून तो नीट आला नाही." मग जरा थांबून, "माझे आजोबा एसटी स्टँडबाहेर पॉलिशची पेटी घेऊन बसायचे. त्यांचा एकपण फोटो नाहीये आमच्याकडं."

आणि मी काय म्हणालो? "वा, मस्त पॉइंट! तर आता आपण शटर स्पीडकडे वळू."

खरंच असंच म्हणालो. पुढचं काय बोलावं हे सुचलं नाही आणि समोर नोट्स तयार होत्या. शटर स्पीडवर तिसरं वाक्य चालू असताना चॅटमध्ये कोणाचं तरी आलं, "दादा, तिला बोलू द्या ना." लगेच दुसऱ्याचं, तिसऱ्याचं. मी थांबलो, "सॉरी, बोला ना तुम्ही," म्हणालो. पण ती कॉलवरून निघून गेली होती.

कार्यक्रम संपल्यावर ऑडिओ चढवायची वेळ आली. मी कात्री घेऊन तयारच होतो. तिचं बोलणं ठेवू, माझं ते एक वाक्य तेवढं कापू. कोणाला कळणार होतं? मित्र म्हणाला, "तेवीस जणांना." शिवाय ते कापलं असतं तर तिच्या वाक्यानंतर मी शहाण्यासारखा गप्प बसलो असं ऐकू आलं असतं. तो सरळसरळ खोटेपणा होता. आम्ही काहीच कापलं नाही. त्या भागाच्या सुरुवातीला मी तिची माफी मागितली, एवढंच.

पुढच्या लाइव्हला आम्ही फोटो निवडला नाही. ऐकणाऱ्यांना सांगितलं, घरातला अल्बम काढा आणि फोटोच्या कडेला जो काम करताना दिसतो त्याच्याबद्दल सांगा. मीही आई-बाबांच्या लग्नाचा अल्बम काढला. पंगतीच्या फोटोत वऱ्हाडी कॅमेऱ्याकडे बघून हसतायत. त्यांच्या मागं एक वाढपी वाकलाय, हातात बादली, चेहरा हललेला. हा फोटो मी लहानपणापासून बघत आलोय. आईला विचारलं, हा कोण? तिनं क्षणात नाव सांगितलं. तो कुठल्या वाडीतला, त्या दिवशी चार वाजेपर्यंत त्याला जेवायला कसं मिळालं नाही, मग आजीनं त्याला स्वतः पान वाढलं, हे सगळं. वीस मिनिटं ती बोलत होती आणि मी एकदाही मधे पडलो नाही.

"हे आज रात्री लाइव्हवर सांगशील?"

"मी? अरे, पण कोण ऐकणार?"

आठ वाजता ती माझ्या शेजारी माइकसमोर बसली, पदर सारखा करून, जणू फोटोच काढायचाय. तिचं बोलून झालं आणि तिनं घाबरून माझ्याकडे पाहिलं, कारण चॅट हलत नव्हतं. मी तिला बोटानंच खूण केली, थांब.

काही सेकंदांनी पहिलं उत्तर आलं. बार्शीहून. "ऐकतेय काकू. त्या काकांचं नाव परत एकदा सांगा ना."