सोप्या पुस्तकांची सोबत

ग्रंथालयाचा तास असला की टेबलावर पुस्तके मांडली जातात. पाचवी-सहावीची मुले बेधडक चित्रांची पुस्तके उचलतात. नववी-दहावीची मुले मात्र आधी इकडेतिकडे पाहतात. कोणाचे लक्ष नाही अशी खात्री झाली, की गोष्टींचे एखादे पातळ पुस्तक हळूच जाड पुस्तकाखाली सरकवतात. भंडारा जिल्ह्यातील एका उर्दू माध्यमाच्या शाळेत मी मराठी शिकवते. ही लपवाछपवी मी अनेकदा पाहिली आहे. नवल वाटते ते याचे, की अशी पुस्तके लपवणारी मुले बहुधा वर्गातील सर्वांत चांगली वाचक असतात.

त्यांना लाज कसली वाटते? मोठे झाल्यावर लहानांचे पुस्तक हाती घेणे म्हणजे मागे जाणे, असे त्यांना वाटते. शाळेच्या इयत्ता जिन्याच्या पायऱ्यांसारख्या असतात. एक चढली की खालची सुटते. वाचनाचे तसे नसते. आपला जिल्हा तलावांचा. वैनगंगा पोहून पार करणारा माणूसही उन्हाळ्यात गावच्या तलावात मनसोक्त डुंबतो. त्यामुळे तो पोहणे विसरत नाही.

माझ्या वर्गात नववीची एक विद्यार्थिनी होती. उर्दूत ती प्रेमचंदांच्या कथा आणि पतरस बुखारींचे विनोदी लेख आवडीने वाचायची. मराठीत मात्र तिला प्राण्यांच्या छोट्या गोष्टी आवडत. एके दिवशी तिच्या मोठ्या भावाने ते पुस्तक पाहिले आणि घरभर सांगितले, "बघा, नववीतली बाई पोपटाची गोष्ट वाचतेय!" सगळे हसले. दुसऱ्या दिवशी तिने पुस्तक परत केले. पुढे दोन महिने तिने मराठीचे एकही पुस्तक नेले नाही. निबंधाची वही कोरी राहू लागली. वर्गात उभे राहून मराठी वाचण्याची वेळ आली की तिचा आवाज बसायचा. घरातल्यांनी केलेली ती थट्टा काही मिनिटांची होती, पण तिची किंमत मोठी होती.

पालकसभेला तिचे अब्बा आले. ते शिंपीकाम करतात. मी विषय काढताच ते म्हणाले, "मॅडम, पुढच्या साली ही दहावीला जाईल. आता तरी मोठी पुस्तके वाचायला नकोत का?"

मी विचारले, "भाई, तुम्ही शेरवानी शिवता. मग लहान मुलांचे कुर्ते घेत नाही का?"

ते हसले. म्हणाले, "घेतो ना! शेरवानी शिवताना सगळे ध्यान मापात असते. जरा चुकले की कापड वाया. लहानग्याचा कुर्ता शिवताना हात आपोआप चालतो, मी गुणगुणतही असतो. आणि खरे सांगू? उस्तादांनी मला आधी काज-बटणच दिले होते. हात त्यावरच बसला."

एवढे बोलून ते थांबले. मग स्वतःच म्हणाले, "समजलो, मॅडम. वाचू द्या तिला."

हात बसणे हा मराठीतला किती नेमका शब्दप्रयोग आहे! वाचनातही नजर बसावी लागते. नवा वाचक अक्षर जोडून शब्द तयार करतो. त्यातच त्याची शक्ती खर्च होते, अर्थाकडे लक्ष द्यायला ती उरत नाही. सोपे पुस्तक वाचताना तेच तेच शब्द पुन्हा पुन्हा भेटतात. हळूहळू शब्द पाहताक्षणी ओळखू येतो आणि मन गोष्टीत रमते. आपल्याला तर याची गरज अधिक आहे. आपली नजर उर्दू वाचताना उजवीकडून डावीकडे जाते आणि मराठी वाचताना डावीकडून उजवीकडे. शिवाय 'ळ' आणि 'ण' यांच्याशी आपल्या जिभेची ओळख नवी असते.

पॉल नेशन हे न्यूझीलंडमधील भाषेचे अभ्यासक आहेत. दुसरी भाषा शिकणाऱ्यांना गोष्ट कोणाच्याही मदतीशिवाय नीट समजावी, यासाठी त्यातील किती शब्द आधीपासून माहीत असावे लागतात, याचा अभ्यास त्यांनी एका सहकाऱ्यासह केला. तो २००० साली प्रसिद्ध झाला. उत्तर आले, शंभरातले सुमारे ९८. म्हणजे शंभर शब्दांत दोनच शब्द अनोळखी असावेत. आता तुम्हीच एखादे मराठी पुस्तक उघडून मोजून पाहा. ज्या पानावर दहा-पंधरा शब्द अडतात, ते पान अभ्यासाचे. ज्या पानावर एक-दोनच अडतात, ते पान आनंदाचे. दोन्ही पाने आपली आहेत, पण प्रत्येकाची वेळ वेगळी.

सोप्या पुस्तकात आणखी एक गंमत असते. त्यात रोजच्या वापरातले शब्द येतात आणि त्यांतले कितीतरी आपल्या घरचे निघतात. कागद, शाई, दौत, बाजार, दुकान, जमीन, तारीख, हजेरी, दप्तर हे सारे शब्द फारसी-अरबीच्या वाटेने मराठीत आले आणि इथलेच झाले. अनोळखी गावी ओळखीची माणसे भेटावीत, तसे ते पानापानावर भेटतात. मग ते गाव परके वाटत नाही.

मी स्वतः मराठी शिकले ती अशाच पुस्तकांतून. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे माझा आवडता. फुरसुंगीहून पुण्याच्या शाळेत आलेला हा काटकुळा मुलगा संकटात उडी घेतो आणि त्याच्यामागे वाचकालाही पळावे लागते. बी.एड. करताना दिवसभर मानसशास्त्राची जाड पुस्तके वाचून डोके शिणले, की रात्री मी त्याच्याच गोष्टी वाचायची. आजही वाचते.

सोपे पुस्तक म्हणजे हलके पुस्तक, असा अनेकांचा समज आहे. डॉ. झाकीर हुसेन यांचेच उदाहरण घ्या. त्यांनी बर्लिन विद्यापीठातून अर्थशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. प्लेटोचा 'रिपब्लिक' हा ग्रंथ उर्दूत आणला. १९२६ ते १९४८ या काळात ते जामिया मिल्लियाचे कुलगुरू होते आणि १९६७ मध्ये भारताचे राष्ट्रपती झाले. याच विद्वानाने मुलांसाठी 'अब्बू खाँ की बकरी' ही गोष्ट लिहिली. चांदनी नावाची बकरी डोंगरावर जाते आणि रात्रभर लांडग्याशी झुंजते. पहाटे ती कोसळते. झाडावरची पाखरे म्हणतात, लांडगा जिंकला. एक म्हातारी चिमणी मात्र म्हणते, चांदनी जिंकली.

पाचवीतले मूल ही गोष्ट वाचून बकरीसाठी रडते. दहावीतला वाचक तीच गोष्ट वाचतो आणि विचारात पडतो: चिमणी असे का म्हणाली? मरूनही कोणी जिंकतो का? गोष्टीतले शब्द तेच असतात, वाचणारा मोठा झालेला असतो. म्हणून चांगल्या वाचकाला सोप्या पुस्तकातून कधी कधी लहान मुलापेक्षाही जास्त मिळते. मराठीतही विंदा करंदीकरांनी ॲरिस्टॉटलच्या काव्यशास्त्राचा अनुवाद केला, २००३ सालचा ज्ञानपीठ पुरस्कार मिळवला आणि बालकविताही तितक्याच मनापासून लिहिल्या. एवढ्या मोठ्या लेखकांना मुलांसाठी लिहिताना कमीपणा वाटला नाही. मग ते वाचताना आपल्याला का वाटावा?

कोणी म्हणेल, मग जड पुस्तके वाचूच नयेत का? वाचावीत, जरूर वाचावीत. रोज फक्त सोपेच वाचले तर नवे शब्द आणि नवे विचार कमी मिळतील. परंतु रोज फक्त जडच वाचले, तर एक दिवस वाचणेच नकोसे होईल. अभ्यासाची भाकरी हवी आणि आवडीची शिरखुर्म्याची वाटीही हवी.

ती मुलगी पुन्हा पुस्तके नेऊ लागली. वर्ष संपण्याआधी तिने साने गुरुजींचे 'श्यामची आई' मागून घेतले. गुरुजींनी हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. भाषा साधी, पण पुस्तक मोठ्यांच्याही डोळ्यांत पाणी आणणारे. सोप्या गोष्टींवर नजर बसली होती म्हणून ती तिथपर्यंत पोहोचली. ते पुस्तक तिला कोणी वाचायला लावले नव्हते.

मुलांनो, अशी पुस्तके शोधायला फार लांब जावे लागत नाही. बालभारतीचे 'किशोर' मासिक १९७१ पासून निघते. नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालय मालेतील पुस्तके अनेक भारतीय भाषांत निघाली आहेत. एकच गोष्ट उर्दूत आणि मराठीत मिळाली, तर आधी उर्दूत वाचा, मग मराठीत. गोष्ट माहीत असल्याने शब्द आपोआप उलगडतील. घरी धाकटा भाऊ किंवा बहीण असेल, तर त्यांना मोठ्याने वाचून दाखवा. त्यांना गोष्ट मिळेल, तुमच्या जिभेला सराव मिळेल.

डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस, १५ ऑक्टोबर, २०१५ पासून महाराष्ट्रात वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होतो. त्या दिवशी तुमच्या आवडीचे पुस्तक उघडपणे हातात घ्या. ते कोणत्या इयत्तेचे आहे, असे कोणी विचारलेच, तर "मला आवडते" एवढे उत्तर पुरे आहे.