कालपर्यंत कसे होते?

वृद्ध रुग्णाला पाड्यावरून दवाखान्यात आणि तेथून मोठ्या रुग्णालयात पाठवताना एक गोष्ट हटकून मागे राहते: आजारी पडण्यापूर्वी तो किती चालत होता, काय खात होता, माणसे ओळखत होता की नाही. मोखाड्याहून जव्हारच्या पतंगशहा कुटीर रुग्णालयात आणि गरज पडल्यास पुढे नाशिकला जाताना रुग्णासोबतची चिठ्ठी बदलते, माणसे बदलतात आणि ही माहिती विरत जाते. त्यात दिवाळीनंतर कर्ती माणसे भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर गेलेली असतात. रुग्णवाहिकेत जो शेजारी बसतो, त्याला फारसे काही सांगता येत नाही. सांगता येते ते आशा कार्यकर्तीला, म्हणजे गावातूनच निवडलेल्या आरोग्य स्वयंसेविकेला. पण चिठ्ठी ती लिहीत नाही.

चिठ्ठीत उरतात ते आकडे. कोविडच्या साथीत, सप्टेंबर २०२० मध्ये, ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत घरोघर तापमान आणि ऑक्सिजन मोजले गेले. परंतु वृद्धांत ताप नसतानाही संसर्ग गंभीर असू शकतो, आणि भ्रमावस्था, म्हणजे काही तासांतच बरळू लागणे किंवा एकाएकी गप्प होणे, हेच त्याचे पहिले लक्षण ठरू शकते. आकडाही फसवतो: गारठलेल्या, राबून जाडावलेल्या बोटाला लावलेला ऑक्सिमीटर ८८ दाखवतो आणि हात चोळून ऊब आणल्यावर ९५ वर जातो. उलट, वारली किंवा कोकणा बोलीतले सरळ उत्तर बाहेरून आलेल्या परिचारिकेला असंबद्ध वाटले, तर शुद्धीतला म्हातारा भ्रमिष्ट ठरतो.

रुग्णाचा निरोप देण्याची ‘स्थिती, पूर्वपीठिका, अंदाज आणि मागणी’ अशी चौपदरी पद्धत अमेरिकी नौदलाकडून रुग्णालयांत आली व ती उपयुक्तच आहे. मात्र पूर्वपीठिकेत मधुमेह, रक्तदाब एवढेच लिहायची सवय असल्याने, ज्याची कधी तपासणीच झाली नाही त्याच्यापुढे ‘काही नाही’ असे पडते. निरोपासाठी व्हॉट्सॲपच्या गटांवर तर भरवसा ठेवूच नये, कारण सर्वांना दिलेल्या निरोपाची जबाबदारी कोणा एकावर येत नाही. सुवाच्य अक्षर आणि भरलेले रकाने यांचा लिहिणाऱ्याला वाटणारा अभिमान खरा असतो व तो सहजी सुटत नाही, पण रुग्णाला त्याचा उपयोग नाही.

म्हणून चिठ्ठीच्या माथ्यावरच ‘कालपर्यंत’ असा रकाना छापावा, त्यात आशा कार्यकर्तीचे उत्तर तिच्याच शब्दांत उतरवून तिचा फोन नंबर लिहावा, आणि जेथे रेंज नाही तेथे गाडी हलण्यापूर्वीच तिला विचारून घ्यावे.