बेळगावास जावे की गावीच राहावे?

वाचकहो, काही वर्षांपूर्वी आमच्या हातून एका कुटुंबास चुकीचा सल्ला दिला गेला. त्याची हकिकत आज सांगावीशी वाटते, कारण तोच प्रश्न घेऊन अजूनही माणसे आमच्या ओसरीवर येऊन बसतात.

आपल्या खानापूर तालुक्यातून मुंबईस, गोव्यास आणि आखाती देशांत चाकरीसाठी गेलेली माणसे पुष्कळ. साठी उलटली की त्यांना घराची ओढ लागते. मुंबईचे भाडे पेन्शनीत परवडत नाही. मग एक तर गावचे कौलारू घर, नाही तर बेळगावात दोन खोल्या. असेच एक सद्गृहस्थ रेल्वेच्या कारखान्यात हयात घालवून पत्नीसह गावी परतले होते. मुलगा दुबईस, मुलगी वसईस दिलेली. बाईंना दम्याचा विकार. एके दिवशी मिस्सानंतर ते म्हणाले, "फादर, माळाचा तुकडा विकून बेळगावात लहानसे घर घ्यावे म्हणतो. तुमचे काय मत?"

सेमिनरीत कमावलेले सारे वक्तृत्व आम्ही त्या दिवशी खर्च केले. वाडवडिलांची थडगी, घामाने राखलेली जमीन, शहरात शेजाऱ्यास शेजारी ओळखत नाही, वगैरे वगैरे. खरे कारण मात्र आम्ही बोलून दाखविले नाही. रविवारी पेटी वाजविणारे आमच्या धर्मग्रामात तेवढे एकच होते, आणि जमाखर्चही तेच पाहत. ते गेले तर आमचे कसे होणार, हा विचार मनात होता. त्यांनी आमचा शब्द मानला आणि ते राहिले.

पुढच्या आषाढात पावसाने आठ दिवस तोंड उघडू दिले नाही. इकडचा पाऊस कसा असतो हे आपणांस सांगणे न लगे. अशा एका रात्री बाईंना श्वास लागला. ओढ्याचे पाणी पुलावरून वाहत होते, गाडी पलीकडेच थांबली. गावच्या चौघा तरुणांनी बाईंना खुर्चीत बसविले आणि रानाच्या वाटेने वळसा घालून डांबरी रस्त्यापर्यंत नेले. भीमगडच्या रानातील गावांतून आजारी माणसास असेच खांद्यावरून आणावे लागते, हे आम्ही ऐकून होतो; त्या रात्री कंदील धरून मागोमाग चालताना ते पाहिले. खानापुरास प्राणवायू मिळाला, पहाटे बेळगाव गाठले. बाई वाचल्या. इस्पितळाच्या दारात ते सद्गृहस्थ आमच्याकडे वळून एवढेच म्हणाले, "फादर, आता तुकडा विकतो." त्यात रोष नव्हता. रोष असता तर आम्हांस बरे वाटले असते.

काही दिवसांनी उत्पत्तीचा बारावा अध्याय वाचण्यात आला. अब्राहामाने हारान सोडले तेव्हा तो पंच्याहत्तर वर्षांचा होता. हा अध्याय आम्ही वेदीवरून कितीदा तरी वाचला होता. त्यातील वय मात्र कधी मोजले नव्हते.

आता बेळगावात त्यांचे तळमजल्यावर लहानसे घर आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फूट उंचीवरची ती हवा, मोठी इस्पितळे, आणि मराठी, कानडी, कोंकणी, उर्दू या चारही भाषा कानावर पडणारा बाजार. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र तेथेच असल्यामुळे फौजेतून निवृत्त झालेले कित्येक जण तेथे स्थायिक झाले आहेत. १९५३ साली स्थापन झालेल्या आपल्या धर्मप्रांताचे फातिमा माउलीचे कॅथीड्रलही तेथे कॅम्पात आहे. आम्हांस वाटले होते, हे आता बाकावर बसून दिवस काढतील. तसे काही झाले नाही. शेजारच्या शाळकरी मुलीकडून त्यांनी सहासष्टाव्या वर्षी कानडी अक्षरे गिरविली. मंगळवारी व शुक्रवारी ते जिल्हा इस्पितळात जातात, आणि आपल्याच तालुक्यातून आलेल्या, कानडी पाट्यांपुढे गोंधळून उभ्या राहिलेल्या माणसांना हात धरून योग्य खिडकीशी नेतात. १९५६ साली हा मुलूख तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. तो वाद आम्ही येथे उकरीत नाही; आजाऱ्याचा कागद कोणी तरी वाचून दाखविला पाहिजे, इतकेच.

म्हणून सर्वांनी उठून बेळगावास जावे, असे कोणी समजू नये. दुसऱ्या एका कुटुंबाने होती नव्हती ती सारी जमीन विकून तिसऱ्या मजल्यावर घर घेतले. लिफ्ट नाही, चर्च लांब. वर्षभरात त्या म्हाताऱ्या बाबांचे बोलणेच आटले. हल्ली आम्ही विचारणाऱ्यास म्हणतो, आधी वर्षभर भाड्याने राहून पाहा, आणि गावचे घर विकू नका. कंपनीत चाकरी केलेल्यांनी आपली पेन्शनही नीट मोजावी. २०१४ साली तिची किमान रक्कम महिना एक हजार रुपये ठरविण्यात आली. तेवढ्यावर बेळगावही महागच.

आमची पेटी आता नववीतला एक मुलगा वाजवितो. प्रत्येक गीतात दोन सूर तरी चुकतात.

गेल्या २ नोव्हेंबरला, मृतांच्या दिनी, ते पतिपत्नी कबरस्तानात भेटले. त्यांनी दबकत विचारले, "फादर, आम्ही आता बेळगावच्या धर्मग्रामातले झालो. मग माती येथे मिळेल का?" आम्ही सांगितले की १९८३ च्या ख्रिस्तसभेच्या कायद्यानुसार, दुसरी काही आडकाठी नसेल, तर प्रत्येकास आपले कबरस्तान निवडता येते, फक्त लिहून ठेवा. अब्राहामानेही आयुष्यभर तंबूत राहून जमीन विकत घेतली ती सारेच्या थडग्यासाठी, चारशे शेकेल मोजून. त्यांनी तेथेच दोघांच्या सहीचा कागद आमच्या हाती दिला. तो त्यांनी घरूनच लिहून आणला होता.

मग पिशवीतून कोयती काढून ते आईच्या थडग्यावरील गवत कापावयास बसले. बाई बसच्या वेळेची आठवण करून देत होत्या. २०२३ पासून कर्नाटकात बायकांना सरकारी बसचे तिकीट पडत नाही, त्यामुळे घाई त्यांनाच अधिक होती.