आमची शेड आणि आजीचे डालगे

आमच्या घरी दोन तऱ्हेच्या कोंबड्या आहेत. आजीच्या डालग्यात पाच गावरान आणि वडिलांच्या शेडमध्ये पाचशे ब्रॉयलर. आजी म्हणते, "तुज्या कोंबड्या इंजेक्शनानं फुगवलेल्या. त्यात कस न्हाई." वर्गातली मुलेही मला तसेच चिडवत. मला फार वाईट वाटे.

एकदा मी गुरुजींना विचारले. ते म्हणाले, "इंजेक्शनाने नाही, लवकर वाढणारी जातच निवडून निवडून तयार केली आहे." आमच्या पक्ष्यांना मका आणि सोयाबीनची पेंड असते. ते ४० ते ४५ दिवसांत दोन किलोचे होतात. गावरान कोंबडीला दीड किलो व्हायला पाच-सहा महिने लागतात. ती दिवसभर उकिरडा उकरते, किडे आणि पाला खाते, पळते. म्हणून तिचे मांस घट्ट असते व चरबी कमी असते. ब्रॉयलर बसून राहते, तिच्या कातडीखाली चरबी साठते. पण प्रथिने दोघींतही भरपूर असतात.

हे आजीला सांगितले, तर ती म्हणाली, "आन् औषधाचं काय?" मी गप्प बसलो.

दिवाळीच्या आधी आमचे पक्षी आजारी पडले. डॉक्टरांनी पाण्यातून औषध दिले. ते म्हणाले, "औषध बंद केल्यावर ठरलेले दिवस जाऊ द्या, मगच विका. नाहीतर औषध मांसात राहते." माणसाच्या उपयोगाची औषधे वाचावीत म्हणून सरकारने २०१९ साली कोलिस्टिन हे औषध कोंबड्यांना देणे बंद केले, हेही त्यांनी सांगितले.

दुसऱ्याच दिवशी व्यापारी टेम्पो घेऊन आला. भाव चांगला होता. तो म्हणाला, "कुणाला कळतंय?" वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "नगं. दिवस भरू द्या." टेम्पो रिकामा गेला. पुढे भाव उतरला, खाद्याचा खर्च वाढला आणि माझी सायकल राहिली. मी रुसलो होतो, पण आता रुसत नाही.

दिवस भरल्यावर आईने शेडमधली एक कोंबडी कातडी काढून रांधली. आजी जेवली. "मीठ जास्त झालंय," म्हणाली. कस नाही, असे मात्र म्हणाली नाही.

पालकांना माझी विनंती आहे, गावरान असो वा ब्रॉयलर, औषधाचे दिवस पाळूनच कोंबडी विका.

— इ. ७ वी